तीनशे साठ पाने घेऊन वालाँगला

माझ्या थोरल्या भावाने मला फसवले. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा फसवले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि ते मला त्याच संध्याकाळी कळले. दुसऱ्यांदा तो मला अकरा वर्षे फसवत होता आणि ते कळायला मला देशाच्या पूर्व टोकापर्यंत जावे लागले. त्या जाण्याची ही हकिगत. ज्यांना तिकडे जायचे असेल त्यांनी रस्त्याची, जेवणाची, थंडीची माहिती यातून घ्यावी. भांडण आमच्या घरचे आहे, पण ते बाजूला काढून हा प्रवास मला सांगता येत नाही.

आमचे वडील फौजेत शिपाई होते. बासष्टच्या लढाईत ते अरुणाचलातल्या वालाँगला होते. तिथून ते परतले नाहीत आणि त्यांचे शरीरही सापडले नाही. आधी बेपत्ता असल्याचे पत्र आले, मग मृत मानल्याचे. त्याच वर्षी पोळ्याला ते सुट्टीवर आले होते. माझा भाऊ मनोहर, म्हणजे दादा, तेव्हा चार वर्षांचा होता. बाबांनी त्याला खांद्यावर बसवून नागपुरातल्या आमच्या महाल भागात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक दाखवली. साठ वर्षे उलटून गेली, तरी दर पोळ्याला दादा ती गोष्ट सांगतो. बाबांचा खांदा किती रुंद होता, पिवळी मारबत वरून कशी दिसली, बाबांच्या केसांना कोणत्या तेलाचा वास होता. माझा जन्म त्यानंतर नऊ महिन्यांनी, भर मे महिन्यात. म्हणजे एकाच सुट्टीत दादाला खांदा मिळाला आणि मला नुसता जन्म. मी त्याचा हेवा करतो, हे मी कधी लपवलेले नाही.

शरीर सापडले नाही तर आमच्यात बारा वर्षे वाट पाहतात. मग पळसाची तीनशे साठ पाने देठांसकट आणून त्यांचा माणसाएवढा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. बारा वर्षे माय कुंकू लावत राहिली. तेराव्या वर्षी घरच्या मोठ्यांनी दिवस ठरवला. मला कोणी काही सांगितले नाही. आदल्या दिवशी दादा म्हणाला, "रम्या, काटोलले मामाकडे जा. मामाले गोऱ्हा विकायचा हाय. तुह्यासारखा भाव कोणाले करता येत नाही."

मी फुगलो. दुसऱ्या दिवशी बाजारात दलालाशी दुपारपर्यंत वाद घातला. मामाने पाठ थोपटली. संध्याकाळी छाती पुढे काढून घरी आलो, तर दादाचे डोके भादरलेले, मायचे कपाळ कोरे, आणि ओट्यावर पळसाचे एकच पान पडलेले. मी विचारले, "काहून मले घरी थांबवलं नाही?"

दादा म्हणाला, "झालं आता. जेवून घे."

मी त्या दिवशी जेवलो नाही. पुढे मी घरही सोडले. संत्र्याच्या पेट्या उचलल्या, हातगाडी लावली, मग शहराबाहेर वाडी गावाला गोडाऊन घेतले. आज माझी संत्री चार राज्यांत जातात. दादा मास्तर झाला आणि महालातच राहिला. आमचे बोलणे सणावारापुरते. दिवाळीनंतर तो दरवर्षी दहा दिवस तीर्थाला जायचा आणि आला की प्रसाद म्हणून पाच-सहा संत्री माझ्याकडे पाठवायचा. संत्र्याच्या व्यापाऱ्याला संत्री. मला तो टोमणा वाटायचा. कोणते तीर्थ, हे मी विचारले नाही. विचारणे म्हणजे आपण होऊन बोलणे.

मागच्या ऑक्टोबरात बुटीबोरीचा एक गिऱ्हाईक गोडाऊनवर आला होता. त्याचा मुलगा मोटारसायकलवर अरुणाचल फिरून आलेला. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. एका फोटोत वालाँगची काळ्या दगडाची भिंत होती आणि तिच्यावर नावे. ज्यांना कबर नाही, चिता नाही, त्यांची नावे. मी फोटो बोटांनी मोठा केला. डावीकडून चौथ्या रांगेत बाबा होते.

दादाच्या गुडघ्याचे ऑपरेशन त्याच महिन्यात झाले होते. तो खाटेवर होता. मला वाटले, बरे झाले. निदान या एका ठिकाणी मी आधी पोहोचेन. माझी बायको शोभा म्हणाली, "भासऱ्यांना सांगून तरी जा. तुम्ही कोणाशी शर्यत लावून राहिले?" अमरावती रोडला वाडीच्या पुढे एका शेताच्या धुऱ्यावर पळस आहेत. तिथून मी स्वतः तीनशे साठ पाने तोडली, मोजली, सुतळीने बांधली. बाबांना माझ्या हाताने अग्नी द्यायचा, दादाच्या आधी त्या भिंतीला हात लावायचा, एवढाच बेत होता.

नागपूरच्या विमानतळावर तपासणीवाल्याने गठ्ठा उलटसुलट केला. "ये क्या है? पत्रावळी बनाते हो?"

"बाप है," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले आणि गठ्ठा सोडला.

वाक्रो

डिब्रूगडला उतरून मी गाडी ठरवली. गाडीवाला बिरेन, आसामी, पन्नाशीचा. पाऊण तास भाव केला. शेवटी तो म्हणाला, "दादा, आप जितना बोला उतना ही. मगर रास्ते में चुप रहना." सौदा मला पटला. अरुणाचलात शिरायला परवाना लागतो. तो घरूनच काढून न्यावा, तिथे ताटकळू नये.

मैदान संपून डोंगर सुरू होतात तिथे वाक्रो लागते, आणि तिथे माझे डोके फिरले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्री. घरापुढे, घरामागे, उतारावर, नाल्याच्या काठाला. ना आळी, ना ठिबक, ना फवारणी. आमचे झाड म्हणजे कायम दवाखान्यात भरती असलेला माणूस. आज डिंक्या, उद्या कोळशी. इथे झाडे रानातल्यासारखी उभी आणि फळांनी वाकलेली. चाळीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की संत्रा म्हणजे नागपूर. त्या दिवशी मी गाडीत मागे बसून दोन तास दुसऱ्याच्या झाडांवर जळत होतो.

तिथल्या मिश्मी जमातीच्या एका बाईने बांबूच्या टोपल्या मांडल्या होत्या. कानात चांदीच्या जाड नळ्या, काळे विणलेले वस्त्र, तोंडात पान. मी भाव पाडायला सुरुवात केली. तिने माझे बोलणे पूर्ण ऐकले आणि संत्री एकेक करून परत टोपलीत ठेवू लागली. असा दुकानदार मी पाहिलेला नव्हता. मी मुकाट्याने तिच्या भावाने घेतली.

सोलले तर साल घट्ट. आमच्यासारखी पोकळ फुगलेली नाही. फोडीत बी जास्त, रस गडद, आणि गोडीच्या मागून येणारा एक आंबट झटका. तो झटका जिभेला लागला आणि मी थांबलो. ही चव मी खाल्लेली आहे. नेमकी हीच. कुठे, ते आठवेना. ज्या माणसाला डोळे मिटून काटोल आणि नरखेडचे फळ वेगळे सांगता येते, त्याला हे आठवू नये, याचा मला पुढचा सगळा रस्ता राग येत राहिला.

वालाँगची पहिली संध्याकाळ

लोहित नदीच्या कडेकडेने दीड दिवस जावे लागते. पाणी हिरवे-निळे, आवाज मोठा, रस्ता अरुंद. कुठे दरड पडलेली, कुठे लोंबता पूल. वळणे इतकी की कच्च्या पोटाच्या माणसाने जाऊ नये. माझे पोट पक्के आहे. सावजी रश्शावर वाढलेल्या पोटाला वळणे काय करणार? मी वाटेत दोनदा बिरेनच्या वाटचे भजेही खाल्ले.

वरच्या अंगाला चिडाची, म्हणजे पाइनची झाडे, खाली नदीकाठी पिवळे गवत. चार वाजताच सूर्य डोंगराआड जातो आणि थंडी हाडात शिरते. आमच्या नागपूरकरांना उन्हाची मस्ती असते, ती इथे पाच मिनिटांत उतरते. बाबा इथे सुती कपड्यांत लढले असे ऐकून होतो. गाडीतून उतरल्यावर मी दोन स्वेटरांवर शाल गुंडाळली.

पेमा नावाच्या बाईच्या घरी राहायची सोय होते. साठीची, गोल चेहऱ्याची, भराभर चालणारी. तिने विचारले, "कहां से?"

"नागपूर."

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "बैठो, बैठो," म्हणत तिने मला चुलीजवळ बसवले, पायावर घोंगडी टाकली आणि आत गेली. थोड्या वेळाने जेवण आले. बिरेनपुढे लाल भाताचा डोंगर, बांबूच्या कोंबातली कोंबडी आणि ठेचलेली मिरची. माझ्यापुढे पातळ पेज, आल्याचा तुकडा आणि शेजारी रिकामी बादली.

मी म्हणालो, "हे काय? मी काय बाळंतीण आहे?"

मग तेच हिंदीत सांगितले. पेमा हसली नाही. "आपके लिए यही ठीक," ती म्हणाली.

"मुझे मुर्गी चाहिए. उसका मुर्गी."

"कल. पेट देखकर."

मी वाद घातला. तिच्यावर परिणाम नाही. बिरेन हाडे चोखत होता आणि मी पेज पीत त्याच्या ताटाकडे बघत होतो. वास इतका चांगला होता की मला रात्री झोप येईना.

भिंत

तिथे पाचलाच उजाडते. नदीपलीकडच्या डोंगरावर देशातला पहिला सूर्य बघायला लोक चढून जातात. मी भिंतीकडे गेलो. त्या दिवशी लढाईचा स्मरणदिन होता आणि मला सर्वांच्या आधी जायचे होते.

जवानांनी आवार झाडून लखलखीत केले होते. काळा दगड, सोनेरी अक्षरे. अशा भिंतीपुढे गेल्यावर आपले माणूस शोधावे लागत नाही, ते आपोआप डोळ्यांत येते असे लोक म्हणतात. मला शोधावे लागले, कारण मी घाईत होतो. चौथी रांग. बाबांचे नाव बोटाखाली आले आणि माझ्या आधी लक्षात आले ते वेगळेच. आजूबाजूच्या नावांचा सोनेरी रंग शाबूत होता. बाबांच्या नावाचा रंग गेलेला. घासून घासून गेलेला, देवळाच्या उंबऱ्यासारखा. या अक्षरांवरून कोणाचे तरी बोट फिरत आले होते.

मग बिगुल वाजले. जवानांनी शस्त्रे उलटी केली, पुष्पचक्रे ठेवली. दहा-बारा कुटुंबे आली होती. पहाडी भागातली एक म्हातारी नवऱ्याचा फोटो घेऊन आली होती. तिने तो भिंतीला टेकवून ठेवला आणि बाजूला पदर सावरून बसली, जणू दोघे अंगणात बसले आहेत. माझ्याकडे फोटोही नव्हता. आमच्या घरी बाबांचा एकच फोटो आहे आणि तो दादाच्या भिंतीवर आहे. मला त्या म्हातारीचाही हेवा वाटला. तिच्याकडे निदान चेहरा होता.

समारंभ झाल्यावर वहीत नाव लिहायचे असते. आवाराची बाग आणि ही वही सांभाळणारा म्हातारा म्हणजे पेमाचा नवरा, दोरजी. पेमाने त्याला माझ्याबद्दल सांगितले असावे, कारण त्याने मला पाहून दोन्ही हात धरले.

"तबीयत ठीक है अब? पहली बार गाड़ी से उतरे आप. बड़े भैया नहीं आए?"

"कोण बडे भैया?"

त्याने वही मागे उलटली. मग कपाटातून जुनी वही काढली आणि तीही उलटली. प्रत्येक नोव्हेंबर. मनोहर, नागपूर, मुलगा. त्याच्याखाली त्याच शाईत, रमेश, नागपूर, मुलगा. आणि समोर माझी सही. मी पावतीवर करतो तशीच, खाली दोन टिंबांची. अकरा वेळा मनोहर. अकरा वेळा मी.

दोरजीच्या हिंदीत मला सगळे कळायला वेळ लागला, पण कळले ते असे. दरवर्षी तो दादाला विचारायचा, छोटा भाऊ कुठे? दादा सांगायचा, खाली गाडीत झोपला आहे. घाटाचा रस्ता त्याला लागतो, सारखी उलटी होते, उतरायचे नाही म्हणतो. मग पेमा माझ्यासाठी पेज करून द्यायची. दादा ती घेऊन खाली जायचा आणि भांडे रिकामे करून आणायचा.

"पूरा खाली," दोरजी कौतुकाने म्हणाला. "और संतरा ले जाते थे वाक्रो से. बोलते थे, छोटा भाई के लिए. वो खाकर बता देगा कहां का है."

तेव्हा मला ती चव आठवली. अकरा वर्षे मी तो प्रसाद खाल्ला होता. पहिल्या वर्षी शोभाला म्हणालोही होतो, हे फळ आपल्याकडचे नाही. दादाने मला प्रश्न घातला होता आणि मी तो टोमणा समजून सालींबरोबर फेकला होता.

पण म्हणून राग कमी झाला नाही. उलट वाढला. मी ज्या ठिकाणी पहिल्यांदा आलो होतो, तिथे मी अकरा वेळा येऊन गेलो होतो. सगळ्या वालाँगात मी गाडीत ओकणारा माणूस म्हणून प्रसिद्ध होतो. माझी पेजसुद्धा दादाच प्यायला होता. आणि बाबांच्या अक्षरांवरचा सोनेरी रंग त्याच्या एकट्याच्या बोटाला लागला होता.

दोरजीने पेन दिले. मी सही केली. थंडीने बोटे वाकत नव्हती. माझी खरी सही त्याच्या खोट्या सहीपेक्षा वाईट आली. दोरजीने दोन्ही सह्या पाहिल्या आणि सभ्यपणे वही मिटली.

फोन लागतो तो फक्त पुलाजवळ. मी तिथे जाऊन दादाला लावला.

"दादा, मी वालाँगले हाय."

मग तो म्हणाला, "थंडी हाय काय गा?"

"काहून केलं असं?"

"पेमानं पेज देल्ली का तुले?"

"दादा, मी विचारून राहिलो."

"नाव चवथ्या रांगेत हाय. डावीकून."

"पाहिलं मी."

"मंग झालं. जेवून घे." आणि फोन ठेवला. पन्नास वर्षांत माणसाचे शब्दसुद्धा बदलले नाहीत.

आवारात आग लावता येत नाही. दोरजीने मला नदीकाठची वाळू दाखवली. मी पाने मांडली. पाय, पोट, हात. डोक्याला नारळ मिळाला नाही म्हणून वाक्रोचा संत्रा ठेवला. काडी ओढली. ती हातात जळत असताना माझ्या ध्यानात आले की हेच काम एकट्याने उरकल्याबद्दल मी एका माणसाशी आयुष्यभर भांडत आलो आहे. काडी विझवली. पाने पुन्हा गोळा करायला मला तासभर लागला, कारण वारा सुटला होता आणि मला एकही सोडायचे नव्हते.

त्या संध्याकाळी पेमाने मला कोंबडी दिली. चांगली होती. मिरची मात्र आपल्याला लाजवेल अशी. बादली तिने तरीही शेजारी ठेवली.

महाल

परत आल्यावर मी घरी न जाता सरळ दादाकडे गेलो. तो खाटेवर, पाय उशीवर, डोक्याशी बाबांचा फोटो. मी गठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने एक पान काढून नाकाशी नेले.

वहिनी पोह्यांवर तर्री घालून घेऊन आल्या. "भाऊजी, तुमचं पोट कसं हाय?" त्यांनी विचारले. म्हणजे त्यांनाही माहीत होते.

"बोल," मी दादाला म्हणालो.

तो पानाशी खेळत म्हणाला, "पयल्या वर्षी त्या वहीवाल्या मानसानं इचारलं, बाबाले पोरं किती? मी सांगितलं, दोन. तो म्हने, मंग दुसरा कुठी हाय?"

"मंग?"

"मंग काय. लाज वाटली."

"कायची?"

"तुले काटोलले धाडलं होतं त्याची." एवढे बोलून त्याने तोंड फोटोकडे फिरवले. पोहे थंड झाले तरी तो दुसरा शब्द बोलला नाही. वहिनींनी मला खुणेने उठायला सांगितले. मी उठलो, पण गठ्ठा परत घेऊन आलो.

घरात तो बोलत नाही, म्हणून मी हे लिहिले. मास्तर आहे, छापलेले वाचल्याशिवाय राहणार नाही. दादा, पाने माझ्या वाडीच्या गोडाऊनमध्ये टांगलेली आहेत. वाळली आहेत, पण तीनशे साठच्या तीनशे साठ आहेत. तुझा गुडघा नोव्हेंबरापर्यंत चालू लागेल असे डॉक्टर म्हणतो. आपण दोघे जाऊ. काडी दोघांनी मिळून लावू. पण त्याआधी मला उत्तर पाहिजे. पहिल्या वर्षी लाज वाटली, मान्य. दुसऱ्या वर्षी? पाचव्या? दहाव्या? महाल ते वाडी, तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत, अर्ध्या तासाचा रस्ता आहे. अकरा वेळा तू मला तितक्या लांब घेऊन गेलास. मग एकदाही मला गाडीतून खाली का उतरवले नाहीस? काहून, दादा? बोल.